पोट्ट्याचा हात अन् आमची वही

गेल्या रविवारी बेसबॉलची मॅच चालू असताना मी आमच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोट्ट्याला, ६० बॉलवर काढलं. आम्ही ५-३ नं पुढं होतो, दोन इनिंग (बॅटिंगच्या छोट्या पाळ्या) बाकी होत्या, पोट्टा मस्त टाकून राह्यला होता, अन् मी टाइम मागितला, माउंडवर, म्हणजे पिचरच्या जागेवर, गेलो अन् त्याच्या हातातून बॉल घेतला. नंतर आम्ही ७-५ नं हारलो. मॅच संपल्यावर त्याचे वडील आले, कापसाची वेचणी सोडून गाडीवर २२ किलोमीटर आलेला माणूस, अन् एकदम शांतपणे मला विचारलं, "सर, जिंकत होते नं पोट्टे, मंग काहून काढलं त्याले? काई लागलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही भाऊ, लागलं नव्हतं. लागू नये म्हणून काढलं."

ते काही बोलले नाही पण त्यांना पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं, अन् तिथं मैदानावर सगळे गोंधळ करत असताना दोन मिनिटांत मला काही नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहून राह्यलो. त्यांची पोरगी आमच्याच शाळेत नववीत आहे, टीमची वही तीच लिहिते, ती घरी मोबाइलवर वाचून दाखवेल त्यांना. बाकी कोणी कोच, पालक वाचत असतील तर त्यांच्यासाठीही आहेच.

आधी थोडं आमच्याबद्दल. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात पीटीचा शिक्षक, अमरावतीला एचव्हीपीएमला (हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात) शिकलो, तिथंच पहिल्यांदा बेसबॉल हातात घेतला. लोक विचारतात हा अमेरिकेचा खेळ इकडं कोण खेळते, तर शालेय क्रीडा स्पर्धेत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे, पोट्ट्यांना सर्टिफिकेट मिळते, दहावीच्या ग्रेस मार्काची आशा असते अन् क्रिकेटमध्ये जिथं हजार पोट्टे लाइनीत उभे असतात तिथं इथं गर्दी कमी. आमचं मैदान म्हणजे शाळेमागचं एका पालकाचं वावर, सोयाबीन निघालं की आम्हाला वापरायला देतात, ढेकळं फोडून आम्ही बेस (रन काढताना धावून गाठायचे टप्पे) टाकतो, आउटफिल्डची हद्द म्हणजे धुरा, वावराचा बांध. बॉल मात्र बरोबर वापरतो, १४२ ते १४९ ग्रॅमचा, १०८ टाक्यांचा, कारण हलका-जड बॉल वापरला की हाताला सवय चुकीची लागते.

आता ज्या गोष्टीमुळे मी मोजायला लागलो ती सांगतो.

काही वर्षांआधी माझ्याकडे एक पोट्टा होता, उंच, सडपातळ, हात असा सुटायचा की कॅचरचा ग्लोव्ह फटकन वाजायचा अन् समोरचा बॅटर बॉल गेल्यावर बॅट फिरवायचा. विभागाच्या स्पर्धेत दोन दिवसांत तीन मॅच होत्या अन् तिन्ही त्यानंच टाकल्या. कोणी म्हटलं नाही थांब, मीही नाही, उलट मी तर पाठ थोपटत होतो. दुसऱ्या दिवशी रात्री जिथं मुक्काम होता त्या हॉलमध्ये पंगत बसली अन् मी वाढत असताना पाहिलं की तो वरण-भात डाव्या हातानं खाऊन राह्यला होता. मी विचारलं काय झालं बे, तर म्हणाला, "काई नाई सर, हात वर येत नाई." उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोपर जरासं वाकलेलं, आतल्या बाजूनं सुजलेलं, अन् बोट लावलं तर पोट्ट्याच्या डोळ्यात पाणी आलं. यवतमाळला हाडाच्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी मला विचारलं किती बॉल टाकले, अन् माझ्याजवळ उत्तर नव्हतं. रन किती दिले हे मला पाठ होतं, किती जणांना आउट केलं तेही पाठ, बॉल किती टाकले हे कोणीच लिहिलं नव्हतं. घरी येऊन स्कोअरशीटवरून अंदाजानं हिशोब लावला तर दोन दिवसांत २३० च्या वर गेला. त्या वेळी तो पंधरा वर्षांचा होता. आता एका कापसाच्या जिनिंगवर कामाला आहे, भेटला की सर म्हणून पाया पडतो, पण नंतर त्यानं कधी जोरात बॉल टाकला नाही, टाकूच शकला नाही.

तेव्हापासून रात्री जेवण झालं की मी मोबाइलवर हेच वाचत बसतो, अमेरिकेत-जपानमध्ये पिचरचं काम कसं मोजतात, त्याची किंमत कशी लावतात. अन् वाचता वाचता मला माझी माय आठवायची.

माय वेचायला जायची. संध्याकाळी गाठोडं काट्याला लागायचं, मालक वहीत किलो लिहायचा अन् किलोमागे पैसे. आता ज्यानं कापूस पाहिला त्याला माहीत आहे, पहिल्या वेच्यात वावर पांढरंफक्क असते, चलाख बाई दिवसाला ५०-६० किलो वेचून टाकते. तीच बाई फरदडीत, म्हणजे शेवटच्या उरल्यासुरल्या कापसात, गेली तर तेवढेच तास, तेवढंच वाकणं, उलट जास्त चालणं, अन् काट्यावर २० किलोही नाही. ओलिताचं वावर वेगळं, कोरडवाहू वेगळं. म्हणजे वहीतले किलो पाहून तुम्ही सांगू शकत नाही की कोणती बाई चांगली वेचते, अन् कोणत्या बाईची कंबर किती दुखते हे तर त्या वहीत कुठंच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काम किती चांगलं केलं ही एक अन् कामानं अंगावर किती भार पडला ही दुसरी. पिचरच्या बाबतीत अमेरिकेतल्या लोकांनाही या दोन गोष्टी नीट मोजता यायला शंभर वर्षांच्या वर लागले.

त्यांच्याकडे सगळ्यात जुना आकडा म्हणजे जीत-हार. टीम जिंकली तर पिचरच्या नावावर जीत, हारली तर हार. साय यंग नावाच्या पिचरच्या नावावर ५११ जीत आहेत, त्याच्याच नावानं दरवर्षी सगळ्यात चांगल्या पिचरला अवॉर्ड देतात. पण टीम जिंकायला रन लागतात अन् रन काढायचे दुसऱ्यांनी, पिचरनं कितीही चांगलं टाकलं अन् आपल्या पोट्ट्यांनी रनच नाही काढले तर तो काय करेल? २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डिग्रॉम, सरासरी १.७० म्हणजे अख्ख्या ९ इनिंगच्या मॅचमध्ये दोन रनसुद्धा देत नव्हता, अन् त्याच्या नावावर जीत किती तर १०, हार ९. साय यंग अवॉर्ड मात्र त्यालाच मिळाला. त्याच्या आधी २०१० मध्ये फेलिक्स हर्नांडेझ नावाच्या पिचरला १३ जीत, १२ हार असताना मिळाला होता, तेव्हा बराच वाद झाला, पण २०१८ पर्यंत लोकांच्या डोक्यात गोष्ट बसली होती. आमच्या रविवारच्या मॅचचंच घ्या, माझा पोट्टा गेला तेव्हा आम्ही पुढं होतो, हारलो नंतर, अन् तरी गावात दिवसभर हेच चाललं की त्यानं पूर्ण टाकलं असतं तर जिंकलो असतो, अन् ज्यानं नंतर टाकलं त्या बिचाऱ्याला सगळे हार चिकटवून राह्यले. त्याच्या दोन रनच्या वेळी बॉल तर सरळ शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरच्या) दोन पायांमधून गेला होता.

जीत-हारच्या वरचा आकडा म्हणजे ईआरए, आपल्या बॉलिंग ॲव्हरेजसारखा समजा. पिचरमुळे गेलेले रन गुणिले ९, भागिले त्यानं टाकलेल्या इनिंग. फिल्डरनं चूक केली, त्याला एरर म्हणतात, तर त्या चुकीचे रन पिचरच्या डोक्यावर टाकत नाहीत. ऐकायला एकदम बरोबर वाटते. पण यातली मेख मला वावरातच समजली. आमचा सेंटर फिल्डर चपळ आहे, धावत जाऊन बॉलपर्यंत पोचतो, कधी हातातून सुटतो, त्याला एरर लागते. लेफ्टचा पोट्टा जाड आहे, ढेकळात त्याचा पाय अडकते, तो बॉलपर्यंत पोचतच नाही. जो पोचलाच नाही त्याला एरर कशी लावणार? स्कोअरर हिट, म्हणजे बॅटरनं मारून कमावलेला बेस, लिहितो अन् रन पिचरच्या नावावर. म्हणजे जो धावला त्याची चूक अन् जो धावला नाही त्याचं पाप पिचरला. हे पाहून मला खरंच राग यायचा.

यावर २००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन नावाच्या माणसानं एक गोष्ट मांडली. तो कोणत्याच टीमचा कोच नव्हता, आपल्यासारखा आकडे पाहणारा शौकीन. तो म्हणाला की बॅटला बॉल लागून तो मैदानात राहिला की पुढं त्याचं काय होईल, हिट होईल की आउट, यावर पिचरचा ताबा लोक समजतात त्याच्यापेक्षा खूप कमी असतो. मोठ्या लीगमध्ये असे साधारण दहातले तीन बॉल हिट होतात, पिचर कोणीही असो, वर्षावर्षाला थोडं वर-खाली. पेड्रो मार्टिनेझ नावाच्या पिचरचं उदाहरण पहा, १९९९ मध्ये त्यानं २१३ इनिंगमध्ये ३१३ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये आउट) केलं अन् फक्त ३७ वॉक (चार बॉल बाहेर पडले की बॅटरला फुकट बेस) दिले, तरी त्या वर्षी त्याचे मैदानात मारलेले बॉल जवळजवळ तीनात एक हिट झाले. पुढच्या वर्षी २००० मध्ये तोच हात, तोच माणूस, अन् चारात एकही नाही. एका वर्षात तो काही दुसरा पिचर झाला नव्हता. आमच्याकडे म्हणतात नं बोंड फुटणं बाईच्या हातात नसते, वेचणं तिच्या हातात असते, तसं.

मग पिचरच्या हातात काय? स्ट्राइकआउट, वॉक, बॅटरला लागलेला बॉल अन् होमरन, आपल्या सिक्ससारखा. या चारांत फिल्डरचा संबंध नाही. टॉम टँगो नावाच्या आकडेवाल्या माणसानं यावरून एफआयपी (फिल्डिंग सोडून फक्त पिचिंग) नावाचा हिशोब बसवला: होमरनला १३ नं गुणा, वॉक अन् लागलेल्या बॉलना ३ नं, ते जोडा, स्ट्राइकआउटला २ नं गुणून वजा करा, इनिंगनं भागा अन् त्यात एक ठरलेला आकडा मिळवा, साधारण ३ च्या थोडा वर, म्हणजे उत्तर ईआरएसारखं दिसते. मी आमच्या पोट्ट्याचं काढलं. यंदाच्या तीन मॅचमध्ये १२ इनिंग, ८ रन त्याच्या नावावर, ईआरए झाला बरोबर ६. पण स्ट्राइकआउट १९, वॉक ४, एकाला बॉल लागला, होमरन एकही नाही. ५ गुणिले ३ म्हणजे १५, त्यातून ३८ गेले, उणे २३, भागिले १२, अन् ३.१० मिळवले तर १.१८. आता तो ३.१० तिकडच्या लीगचा आकडा आहे, आमच्या वावरातल्या मॅचला तो तसाच लागू होत नाही हे मला समजते, पण ६ अन् १.१८ मध्ये जो फरक आहे तो कुठून आला? तो आमच्या ढेकळांतून आला, फाटक्या ग्लोव्हांतून आला, त्या पोट्ट्याच्या हातातून नाही आला. हे मी त्याला वहीवर मांडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राह्यला, कारण त्याला वाटायचं की तो खराब टाकतो.

पैशाची किंमत लावायला तिकडं अजून एक आकडा आहे, वॉर. लढाईचा वॉर नाही, विन्स अबव्ह रिप्लेसमेंट या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं आहेत. समजायला सोपा आहे, नेहमीची बाई आली नाही अन् ऐनवेळी चौकातून जी मिळेल ती आणली, तर किती कमी वेचल्या जाईल, त्या फरकावर नेहमीच्या बाईची किंमत. ऐनवेळी सहज मिळणाऱ्या बदली पिचरपेक्षा यानं किती रन वाचवले ते काढायचं अन् साधारण १० रनला एक जीत धरायची. गंमत म्हणजे वॉर मोजणाऱ्या दोन मोठ्या साइट आहेत अन् दोघांचे आकडे जुळत नाहीत, फॅनग्राफ्स एफआयपीवरून काढते अन् बेसबॉल रेफरन्स खरे दिलेले रन घेऊन फिल्डिंगचा हिशोब वजा करते. मला विचाराल तर पोट्टा पुढं कसा टाकेल हे पाहायचं असेल तर पहिला हिशोब चांगला, अन् यंदा काय करून दाखवलं त्याचं बक्षीस द्यायचं असेल तर दुसरा.

इथपर्यंत सगळं किलोचं झालं. आता कंबरेचं.

१९७४ च्या जून महिन्यात नोलन रायन नावाच्या पिचरनं एका मॅचमध्ये १३ इनिंग टाकल्या, २३५ बॉल. तो नंतर ४६ वर्षांचा होईपर्यंत खेळला, म्हणून जुने लोक अजूनही सांगतात की पाहा, त्याचं काय बिघडलं. पण त्याच वर्षी टॉमी जॉन नावाच्या दुसऱ्या पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूची शीर, हाडाला हाड बांधून ठेवणारी पट्टी असते ती, तुटली, अन् डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाकडची कंडरा काढून तिथं बसवली. तोपर्यंत ही पट्टी तुटली की पिचर घरी. टॉमी जॉन १९७६ ला परत आला अन् ऑपरेशननंतर १६४ मॅच जिंकला. आज त्या ऑपरेशनला त्याचंच नाव आहे अन् हजारो जणांवर झालं आहे. एका रायनकडे पाहून सगळ्यांना २३५ बॉल टाकायला लावणं म्हणजे एक म्हातारा बिडी ओढून नव्वद वर्षं जगला म्हणून पोट्ट्यांना बिडी देण्यासारखं आहे.

जपानच्या शाळांची स्पर्धा आहे कोशिएन, अख्खा देश टीव्हीसमोर बसतो. १९९८ मध्ये दाईसुके मात्सुझाकानं तिथं क्वार्टर फायनलला १७ इनिंग अन् २५० बॉल टाकले, दुसऱ्या दिवशी सेमीफायनलला शेवटी पुन्हा आला, अन् त्याच्या पुढच्या दिवशी फायनलला एकही हिट दिली नाही. लोकांनी डोक्यावर घेतलं. २०१३ मध्ये तोमोहिरो अनराकू नावाच्या पोट्ट्यानं त्याच मैदानावर वसंतातल्या स्पर्धेत पाच मॅचमध्ये ७७२ बॉल टाकले. वय सोळा. आपल्या दहावी-अकरावीच्या पोट्ट्याचं वय. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण माझे २३० मला आठवत होते. २०२० पासून तिथं आठवड्याला ५०० बॉलची मर्यादा आली. माझ्या मते तीही जास्तच आहे, पण काहीतरी आलं.

अमेरिकेत २०१४ पासून मुलांसाठी वयाप्रमाणे तक्ता आहे, मेजर लीग (तिकडची सगळ्यात मोठी लीग) अन् यूएसए बेसबॉल (तिथली संघटना) यांनी मिळून काढलेला. तो मी हातानं कॉपी करून शाळेच्या क्रीडा खोलीत कपाटाला चिकटवला आहे. १५-१६ वयाला एका दिवशी जास्तीत जास्त ९५ बॉल. पण खरी कामाची गोष्ट आरामाची आहे: ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकू शकतो, ३१ ते ४५ ला एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन दिवस, ६१ ते ७५ ला तीन, अन् ७६ च्या वर गेला की चार. म्हणून मी ६० वर काढलं, भाऊ. आमची पुढची मॅच बुधवारी होती. ६० वर थांबला तर सोमवार-मंगळवार आराम करून बुधवारी टाकू शकतो, ६१ वा टाकला की बुधवार गेला. अन् त्या वयाच्या पोट्ट्याच्या कोपरातलं हाडाचं टोक अजून कच्चं असते, पट्टी तुटायच्या आधी हाडच ओढल्या जाते. मोठ्या माणसाच्या हाताला जे चालते ते त्याला चालत नाही.

बुधवारी काय झालं ते पुढं सांगतो. आधी यामामोतो नावाच्या जपानी पिचरचं.

कारण मी काढलं तेव्हा माझ्या पोट्ट्यानं हेच म्हटलं होतं, "सर, तो जपानी काल टाकून आज बी टाकला नं, मले काहून नाही?" त्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या फायनलच्या मॅचांमध्ये, डॉजर्स टीमच्या योशिनोबू यामामोतोनं सहाव्या मॅचला ९६ बॉल टाकले अन् दुसऱ्या दिवशी सातव्या मॅचला येऊन अजून ३४, अकराव्या इनिंगपर्यंत गेलेली मॅच, अन् जिंकवून दिली, सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच. माझ्याही अंगावर काटा आला होता. पण त्याला समजावलं की बेटा, तो तेव्हा २७ वर्षांचा होता, ती वर्षाची शेवटची मॅच होती, पुढं महिनोन्महिने त्याला टाकायचं नव्हतं, अन् वर्षभर त्याला मॅचमध्ये पाच-पाच, सहा-सहा दिवसांनी उतरवलं म्हणून शेवटच्या दिवशी हात शिल्लक होता. त्याला अमेरिकेत एकही बॉल टाकायच्या आधी १२ वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर कबूल केले होते. एवढा पैसा ज्याच्या हातावर लावला तो हात कसा सांभाळत असतील. तिकडं प्रत्येक बॉलचा वेग, फिरकी, हात कोणत्या उंचीवरून सुटला हे कॅमेरे टिपतात, २०२० पासून तर तेच हॉक-आय आहे जे आपण एलबीडब्ल्यूला पाहतो. वेग दोन मैलांनी उतरला किंवा हात दोन इंच खाली आला की बेंचवर कोणीतरी उठते. माझ्याजवळ दोन डोळे अन् एक वही.

अन् एवढं सगळं असूनही तिकडं ऑपरेशन कमी नाही झाले, वाढलेच. याचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. बॉलची संख्या कमी केली पण प्रत्येक बॉल पूर्ण जोर लावून टाकायला लागले, कारण वेगाला भाव मिळतो. मोठ्या लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी १४७ किलोमीटरच्या आसपास होता, २०२४ मध्ये १५१ च्या वर गेला. जे मोजता त्याच्यामागे माणूस धावतो. म्हणून मी स्पीड गन घ्यायची नाही असं ठरवलं आहे, एका माजी विद्यार्थ्यानं द्यायची तयारी दाखवली तरी नाही म्हटलं. आमचे पोट्टे आकडा पाहिला की वेडे होतात.

स्टीफन स्ट्रासबर्ग नावाच्या पिचरची गोष्ट मात्र मला अजून सुटत नाही. २०१० मध्ये पहिल्याच मॅचला १४ स्ट्राइकआउट, त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन. २०१२ मध्ये वॉशिंग्टनची टीम चांगली चालली असताना त्यांनी त्याला १५९ इनिंगवर वर्षभरासाठी थांबवलं, प्लेऑफमध्ये तो नव्हता अन् टीम पहिल्याच फेरीत हारली. लोकांनी जबर शिव्या घातल्या. मग २०१९ मध्ये त्यानंच टीमला वर्ल्ड सिरीज जिंकवून दिली, सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला, अन् त्या करारात तो फक्त ८ मॅच टाकू शकला. आता सांगा थांबवलं ते बरोबर की चूक? मी बरोबर म्हणतो. थांबवलं नसतं तर २०१९ आलं असतं का, असं मला वाटते.

आपल्या क्रिकेटमध्ये हे आता आता सुरू झालं. बुमराहनं ऑस्ट्रेलियात २०२४-२५ ला पाच टेस्टमध्ये १५० च्या वर ओव्हर टाकल्या, ३२ विकेट काढल्या अन् शेवटच्या टेस्टमध्ये पाठ धरून बाहेर गेला. नंतर इंग्लंडमध्ये त्याला पाचपैकी तीनच टेस्ट खेळवल्या तर गावातल्या पानठेल्यावर लोक म्हणत होते की हा काय लाड आहे. सिराज पाचही खेळला, १८५.३ ओव्हर म्हणजे १,११३ बॉल, अन् २३ विकेट, सिराजचं कौतुक व्हायलाच पाहिजे, पण सिराजचं शरीर वेगळं अन् बुमराहची ॲक्शन वेगळी. बॉलरचा हात सरळ राहते म्हणून भार पाठीवर, पायावर येते, पिचरचा हात कोपरातून वाकून सुटते म्हणून तो कोपर अन् खांदा खाते. आपल्या उमेश यादवचं मला म्हणूनच नवल वाटते, खाणीतल्या कामगाराचा पोरगा, टेनिस बॉलवर खेळून वर आला, विदर्भातून भारताकडून टेस्ट खेळणारा पहिला. अशा पोट्ट्यांच्या लहानपणीच्या बॉलचा हिशोब कोणाजवळच नसतो. जे टिकले ते आपल्याला दिसले. आमचा जिनिंगवरचा पोट्टा कोणाला दिसला?

तर बुधवार. आमची वही म्हणजे दोनशे पानी, रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, बॉल, स्ट्राइक, वॉक, शेवटच्या दहा बॉलमध्ये किती भरकटले, अन् आराम. मॅचमध्ये पोरगी खिशात तुरीचे दाणे ठेवते, एक बॉल झाला की एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात, इनिंग संपली की मोजून वहीत. चूक होत नाही. रविवारच्या पानावर ६०, सोमवार ०, मंगळवार ०. तक्त्याप्रमाणे पोट्टा तयार. मी त्याला बुधवारी उतरवलं अन् सातव्या-आठव्या बॉललाच मला दिसलं की हात नेहमीच्या जागी येऊन नाही राह्यला, खांदा आधी उघडून राह्यला, बॉल उंच जाऊन राह्यले. पहिल्याच बॅटरला वॉक, दुसऱ्यालाही. मी २१ वर काढलं. विचारलं दुखून राह्यलं का, तर नाही म्हणाला, ते नाहीच म्हणतात.

बेंचवर आल्यावर मी वही पुन्हा पाहिली, सोमवार ०, मंगळवार ०, काहीच समजेना. तेव्हा त्याची बहीण हळूच म्हणाली, "सर, दादानं काल पाणी ओढलं." मंगळवारी बापाला तुरीवर फवारणी करायची होती, लाइन नव्हती, मोटर बंद, म्हणून पोट्टा विहिरीवरून दोरी-बादलीनं ड्रम भरत होता. मी विचारलं किती. तिला नेमकं माहीत होतं, बाबाचे १४ पंप, फवारणीचे पाठीवरचे, झाले. एक पंप १५ लिटरचा धरला तर २१० लिटर पाणी, सगळं त्याच उजव्या हातानं ओढलेलं, आरामाच्या दिवशी.

भाऊ, हे तुम्हाला बोलायला म्हणून लिहीत नाही. लाइन नव्हती अन् काम अडलं होतं, हे मी जाणतो, मीही त्याच घरातला आहे. तिकडं करोडोच्या पिचरचंही असंच होते, मॅचच्या आधी वॉर्मअपमध्ये टाकलेले बॉल त्या बॉलच्या आकड्यात येत नाहीत, मैदानाच्या कोपऱ्यात तयार होऊन बसलेल्या अन् शेवटी न उतरवलेल्या पिचरच्या नावावर त्या दिवशी शून्य लिहिलं जाते. चूक माझ्या रकान्यांची होती. मी फक्त मैदानावरचं लिहीत होतो. पुढची मॅच शनिवारी आहे, तोपर्यंत पाणी ओढायचं असेल तर डाव्या हातानं किंवा मला फोन करा, मी दोन पोट्टे पाठवतो.

काल शाळा सुटल्यावर पोरगी पट्टी-पेन घेऊन आली, पान आडवं करून आरामाच्या रकान्याच्या बाजूला नवीन रेघ मारली अन् विचारलं, "सर, बादल्या लिहू का पंप?"

मी म्हटलं बादल्या लिही, बादली त्याच्या हातात असते.